सावध संशोधक : अलेक्झांडर फ्लेमिंग

शंभर वर्षांपूर्वी बोटात रुतलेला काटा किंवा वस्तऱ्याची लहानशी जखमदेखील माणसाच्या प्राणावर बेतत असे. जखमेत शिरलेले रोगजंतू रक्तात मिसळले, की वैद्य-डॉक्टर हात टेकीत. न्यूमोनियाने धडधाकट माणसे आठ-दहा दिवसांत दगावत. बाळंतज्वराने कित्येक तान्ही मुले आईला पारखी होत. शरीराच्या आत लपलेल्या या जंतूंना गाठून मारणारे पेनिसिलीन हे औषध प्रथम ज्यांच्या दृष्टीस पडले, ते अलेक्झांडर फ्लेमिंग होत. या शोधाबद्दल जगाने त्यांना डोक्यावर घेतले. परंतु या सन्मानाने ते हुरळून गेले नाहीत. आपल्याच औषधाची मर्यादा त्यांनी ओळखली होती आणि ऐन गौरवाच्या प्रसंगी ती त्यांनी जगाला उघडपणे सांगितली. अशा या सावध संशोधकाचे चरित्र मोठे बोधप्रद आहे.

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य भागात एअरशायर नावाचा परगणा आहे. तेथे डार्व्हेल या गावापासून काही मैल अंतरावर, उजाड माळरानावर, लॉकफील्ड नावाचे एकाकी शेतघर होते. त्या घरात ६ ऑगस्ट १८८१ रोजी अलेकचा जन्म झाला. वडील शेती करीत व मेंढरे पाळीत. अलेक सात वर्षांचा असतानाच त्यांचे निधन झाले. घरात पहिल्या पत्नीची व दुसऱ्या पत्नीची अशी बरीच मुले होती; पण अलेकच्या आईने हे सारे घर मायेने एकत्र राखले.

शाळेसाठी अलेकला रोज काही मैलांची पायपीट करावी लागे. ऊन असो, पाऊस असो की बर्फ पडलेले असो, त्यात खंड पडत नसे. सुट्टीच्या दिवशी तो भावंडांबरोबर माळावर हिंडे. ओढ्यातील दगडांखाली दडलेला मासा ही मुले नुसत्या हाताने पकडीत. मासा पकडायचा, तर पाण्यावरचा बारीकसा तरंगही नजरेतून सुटून चालत नाही. अशा खेळांतून अलेकच्या डोळ्यांना बारकाईने पाहण्याची सवय लागली. पुढे आयुष्यभर ती त्याच्या उपयोगी पडली.

तेरा-चौदा वर्षांचा असताना अलेक लंडनला गेला. तेथे त्याचा मोठा भाऊ टॉम डॉक्टरी करीत होता. काही काळ शिक्षण घेतल्यावर घरची स्थिती पाहून अलेकने जहाजांच्या एका कंपनीत कारकुनी पत्करली. चार वर्षे तो तेथे खर्डेघाशी करीत राहिला. त्या कामात त्याचे मन कधीच रमले नाही. एवढ्यात एका काकाच्या मिळकतीतील थोडा पैसा त्याच्या वाट्याला आला. टॉमने त्याला वैद्यकीचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला. १९०१ मध्ये लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात त्याने नाव घातले. लंडनमध्ये अशी अनेक विद्यालये होती. पण सेंट मेरीच्या संघाशी तो पूर्वी पाण्यातील चेंडूचा खेळ खेळला होता, एवढ्या ओळखीवर त्याने ते निवडले, असे सांगतात.

१९०६ मध्ये फ्लेमिंग उत्तम रीतीने परीक्षा उत्तीर्ण झाले. ते नेमबाजीत पटाईत होते. असा नेमबाज आपल्या संघातून जाऊ नये, म्हणून एका मित्राने खटपट करून त्यांना त्याच रुग्णालयातील सर आल्मरॉथ राइट यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळवून दिली. राइट हे जंतुशास्त्राचे नामवंत पंडित होते. फ्लेमिंग यांनी आपले जवळजवळ सारे आयुष्य याच संस्थेत घालविले. ते बोलत अगदी थोडे. पण त्यांच्या हाताला विलक्षण कौशल्य होते. निरनिराळ्या रंगांचे जंतू वाढवून त्यांची चित्रे काढणे हा त्यांचा आवडता छंद होता!

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. फ्लेमिंग फ्रान्समधील बूलोन्य येथील लष्करी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. रणांगणावरून रोज जखमी सैनिक आणले जात. तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी झालेल्या जखमा खोल व वेड्यावाकड्या असत. डॉक्टर त्यांत तीव्र जंतुनाशके ओतीत. तरीही जखमा चिघळत आणि तरुण सैनिक डोळ्यांदेखत मृत्यूच्या स्वाधीन होत. असे का व्हावे? फ्लेमिंग यांनी काचेची एक नळी तापवून तिला जखमेसारखे आतबाहेर फाटे काढले आणि तिच्यात प्रयोग करून पाहिले. तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की जंतुनाशक द्रव जखमेच्या कानाकोपऱ्यांपर्यंत पोहोचत नाही. इतकेच नव्हे, तर जंतूंशी लढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशीच तो आधी मारून टाकतो. शत्रूला मारण्यासाठी सोडलेला बाण आपल्याच शिपायांना लागावा, तसा हा प्रकार होता. जंतूंचा नाश करील, पण शरीराच्या पेशींना धक्का लावणार नाही, असे औषध हवे, ही खूणगाठ फ्लेमिंग यांनी तेथेच मनाशी बांधली.

युद्ध संपल्यावर ते आपल्या प्रयोगशाळेत परतले. १९२१ मध्ये त्यांना सर्दी झाली असता, आपल्या नाकातील स्रावाने काही जंतू विरघळून जातात, असे त्यांना आढळले. हाच गुण अश्रूंतही होता. मग काय विचारता! प्रयोगासाठी अश्रू हवेत, म्हणून लिंबाची साल डोळ्यांजवळ पिळून ते स्वतःच्या व सहकाऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी काढू लागले. अश्रूंतील या द्रव्याला लायसोझाइम असे नाव मिळाले. परंतु घातक रोगजंतूंवर त्याचा फारसा परिणाम होत नसे. शोध पुढे चालू ठेवणे भाग होते.

१९२८ च्या उन्हाळ्यात फ्लेमिंग सुट्टीवर गेले. जाताना काचेच्या काही बशांत त्यांनी स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू वाढत ठेवले होते. सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यास हे जंतू द्राक्षाच्या घोसासारखे दिसतात. गळवे होणे, जखमांत पू होणे, रक्तदोष होणे ही त्यांची करणी. ३ सप्टेंबर रोजी परत आल्यावर फ्लेमिंग त्या बशा एकेक करून पाहू लागले. एका बशीत बुरशी धरली होती. शिळ्या भाकरीवर धरते, तशीच ती बुरशी. दुसऱ्या कोणी ती बशी खराब झाली म्हणून टाकून दिली असती. पण ओढ्यातील मासा टिपणारे ते डोळे येथेही चुकले नाहीत. बुरशीच्या सभोवार एक स्वच्छ कडे दिसत होते. त्या कड्यातील जंतू विरघळून गेले होते. बुरशीतून पाझरलेल्या एखाद्या द्रव्याने त्यांचा नाश केला असला पाहिजे, हे फ्लेमिंग यांनी तत्काळ ताडले.

त्यांनी ती बुरशी मुद्दाम वाढविली. ज्या रसात ती वाढली, तो रस शेकडो पट पातळ केला, तरी त्यापुढे हे जंतू वाढेनात. शिवाय रक्तातील पांढऱ्या पेशींना त्याचा काहीच अपाय होत नव्हता! बूलोन्यला मनात धरलेले औषध आता समोर होते. पेनिसिलियम या बुरशीच्या नावावरून त्यांनी त्याला पेनिसिलीन असे नाव दिले आणि १९२९ मध्ये आपला शोध प्रसिद्ध केला. सर्वच जंतूंवर पेनिसिलीनची मात्रा चालत नाही, हेही त्यांनी त्या निबंधात प्रांजळपणे नोंदविले.

परंतु त्या रसातून शुद्ध पेनिसिलीन वेगळे काढणे महाकठीण ठरले. ते फार लवकर नासून जाई. फ्लेमिंग व त्यांचे साहाय्यक यांना ते साधले नाही. मात्र त्यांनी बुरशीचा तो वाण जतन करून ठेवला आणि जो मागेल त्याला दिला. दहा वर्षांनी, १९३९ मध्ये, ऑक्सफर्ड येथील हॉवर्ड फ्लोरी व अर्न्स्ट चेन या शास्त्रज्ञांनी हे अपुरे कार्य हाती घेतले. नॉर्मन हीटली हा त्यांचा कल्पक सहकारी होता. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांच्या शरीरात घातक जंतू सोडले. त्यांपैकी चार उंदरांना पेनिसिलीन दिले. दुसऱ्या दिवशी औषध न दिलेले चारही उंदीर मेलेले होते आणि औषध दिलेले चारही जिवंत होते.

१९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमधील एका पोलीस शिपायाला हे औषध देण्यात आले. त्याच्या सर्वांगात जंतूंचे विष भिनले होते. चार-पाच दिवसांत त्याला चांगलाच उतार पडला. पण तेवढ्यात औषध संपले! रुग्णाच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलीनही पुन्हा वेगळे काढून वापरण्यात आले. तरी ते पुरले नाही. उरलेले जंतू पुन्हा बळावले आणि तो बिचारा मृत्यू पावला. औषध अपुरे पडले, तर जंतू पुन्हा डोके वर काढतात, हा धडा शास्त्रज्ञांना असा मोठी किंमत देऊन शिकावा लागला. पुढे अमेरिकेच्या साहाय्याने पेनिसिलीन मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हजारो सैनिकांचे प्राण त्याने वाचविले. १९४५ मध्ये फ्लेमिंग, फ्लोरी व चेन या तिघांना मिळून वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

ते पारितोषिक घेण्यासाठी फ्लेमिंग स्टॉकहोमला गेले. ११ डिसेंबर १९४५ रोजी तेथे त्यांचे व्याख्यान झाले. साऱ्या जगात पेनिसिलीनचा जयजयकार चालला होता. अशा वेळी फ्लेमिंग यांनी श्रोत्यांना एक काल्पनिक गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखू लागतो. तो मनानेच पेनिसिलीन आणतो आणि थोडेसेच घेतो. ते जंतूंना मारण्याइतके नसते. पण औषधाला तोंड कसे द्यावे, हे त्यांना शिकविण्यास मात्र पुरते. पुढे तेच जंतू त्याच्या पत्नीच्या शरीरात शिरतात. तिला न्यूमोनिया होतो. डॉक्टर पेनिसिलीन देतात; परंतु आता त्याचा काही उपयोग होत नाही आणि ती साध्वी मृत्यू पावते. तिच्या मृत्यूचा दोष निष्काळजी पतीकडे जातो, हे फ्लेमिंग यांनी निक्षून सांगितले. औषध कमी प्रमाणात दिल्यास जंतू त्याला जुमानीनासे होतात, हे त्यांनी प्रयोगशाळेत पाहिले होते.

असे का होते, हे समजून घेतले पाहिजे. शरीरात शिरलेले जंतू लक्षावधी असतात. ते सर्व अगदी एकसारखे नसतात. त्यांतील एखाद्याजवळ पेनिसिलीनची मोडतोड करणारे द्रव्य असते. औषधाने दुबळे जंतू मरतात आणि असा चिवट जंतू मागे उरतो. अनुकूल स्थितीत काही जंतू अर्ध्या तासाच्या आतच एकाचे दोन होतात. मग एका दिवसात त्या चिवट जंतूचा केवढा वंशविस्तार होत असेल, याची कल्पनाच करावी! पिकावर तेच ते कीटकनाशक वारंवार फवारले, म्हणजे ज्या किडी त्याने मरत नाहीत, त्यांचीच पैदास शेतात माजते. जंतूंचेही तसेच आहे.

फ्लेमिंग यांचा इशारा लवकरच खरा ठरला. लंडनमधील हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर नावाच्या डॉक्टर होत्या. रुग्णांच्या जखमांतील स्टॅफिलोकॉकस जंतू तपासून त्यांनी चोख मोजदाद ठेवली. १९४६ मध्ये पेनिसिलीनला न जुमानणारे जंतू शंभरांत सुमारे चौदा होते. १९४८ मध्ये ते सुमारे एकोणसाठ झाले. ज्यांनी पेनिसिलीन पूर्वी कधीच घेतले नव्हते, अशा रुग्णांतही ते सापडत होते. याचा अर्थ उघड होता. चिवट जंतूंचा एक वाण रुग्णालयात या खाटेवरून त्या खाटेकडे पसरत होता. हात नीट न धुणे, दूषित कापड, शिंका-खोकला हीच त्याची वाहने होती. दरम्यान १९४७ मध्ये ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या लेखी सूचनेवाचून पेनिसिलीन विकण्यास कायद्याने मनाई झाली.

पण एका गावात सापडलेला जंतू व दुसऱ्या गावात सापडलेला जंतू एकाच वाणाचे आहेत, हे ओळखावे कसे? सूक्ष्मदर्शकाखाली तर दोघेही सारखेच दिसतात. यासाठी शास्त्रज्ञांनी एक नामी युक्ती योजिली. जंतूंनाही मारणारे काही अतिसूक्ष्म विषाणू असतात. प्रत्येक विषाणू काही ठरावीक वाणांच्याच जंतूंना मारतो. बशीत जंतूंचा पातळ थर वाढवायचा आणि त्यावर क्रमांक दिलेल्या निरनिराळ्या विषाणूंचे थेंब ठेवायचे. ज्या थेंबाखाली जंतू मरतात, तेथे स्वच्छ ठिपका उमटतो. ठिपक्यांची ही नक्षी म्हणजे त्या वाणाच्या बोटांचे ठसेच होत! लंडनच्या उत्तर भागातील कॉलिंडेल येथील मध्यवर्ती प्रयोगशाळेत देशभरच्या रुग्णालयांतून असे जंतू तपासणीसाठी येऊ लागले. ठसे जुळवून कोणता वाण कोठून कोठे पसरला, याचा माग काढता येऊ लागला.

१९५३ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरी नवजात बालकांच्या कक्षांत या जंतूंनी थैमान घातले. फिलिस राउंट्री या विदुषीने त्या वाणाचा ठसा ओळखला. त्याला ऐंशी क्रमांक मिळाला. कॅनडात एक्याऐंशी क्रमांकाखाली सापडलेला वाणही तोच असल्याचे पुढे ठरले. ब्रिटन, अमेरिका आदी देशांच्या रुग्णालयांतही तो जाऊन पोहोचला. पेनिसिलीनला तो मुळीच दाद देत नव्हता.

११ मार्च १९५५ रोजी लंडन येथे हृदयविकाराने फ्लेमिंग यांचे निधन झाले. राष्ट्रातील थोर पुरुषांना जेथे विसावा मिळतो, त्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्यांच्या अस्थी ठेवण्यात आल्या. त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळ पिंपरी येथील सरकारी कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागले. परदेशातून येणारे महागडे औषध आता आपल्या देशात बनू लागले.

जंतू व माणूस यांचा सामना मात्र थांबला नाही. चिवट जंतूंसाठी १९५९ मध्ये मेथिसिलीन नावाचे नवे औषध निघाले. १९६१ मध्ये कॉलिंडेलच्या पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी त्यालाही न जुमानणारे जंतू आढळल्याचे जाहीर केले. आज जंतूंची ओळख पटविण्याची साधने फार सुधारली आहेत. जंतूच्या पेशीतील आनुवंशिक मजकूर अक्षरशः वाचता येतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधील अशाच एका चिवट वाणाचा प्रवास उलगडला गेला. लंडन व ग्लासगो या मोठ्या शहरांतील रुग्णालयांतून तो आसपासच्या लहान रुग्णालयांत पसरला होता. एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलविलेल्या रुग्णांबरोबर त्याने हा प्रवास केला असावा, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. फ्लेमिंग यांच्या बशीत ज्या जातीचे जंतू विरघळले होते, त्याच जातीचा हा वाण होता. भारतातही २०१३ पासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अशा जंतूंवर पाळत ठेवण्यासाठी रुग्णालयांतील प्रयोगशाळांचे जाळे विणले आहे. चिवट जंतू कोठे वाढत आहेत, हे वेळीच कळले, म्हणजे योग्य औषध निवडता येते आणि त्यांचा फैलाव रोखता येतो.

परंतु हे काम एकट्या शास्त्रज्ञांचे नव्हे. आपल्या देशात अशा औषधांच्या वेष्टनावर उभी लाल रेषा छापलेली असते. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून हे औषध घेऊ नये, अशी ती खूण आहे. तिचा अर्थ सर्वांना कळावा, म्हणून २०१६ मध्ये सरकारने मोठी मोहीम काढली. सर्दी-पडशासारख्या विषाणूंच्या आजारांवर या औषधांचा काहीच उपयोग होत नाही. डॉक्टरांनी सांगितले असेल तेव्हाच ती घ्यावीत. सांगितले असेल तितकीच आणि तितकेच दिवस घ्यावीत. दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. हात स्वच्छ धुवावेत, म्हणजे पुष्कळदा औषधाची वेळच येत नाही. या साध्या गोष्टी प्रत्येकाच्या हातच्या आहेत.

फ्लेमिंग यांनी मानवजातीला एक अमोल ठेवा दिला आणि तो कसा जपावा, हेही सांगून ठेवले. एका घसादुखीच्या निष्काळजीपणाची झळ दुसऱ्याच्या जिवाला लागते, ही त्यांची शिकवण होती. घरातील औषधाची पेटी उघडताना जो तिचे स्मरण ठेवील, त्याने त्या थोर संशोधकाचे ऋण काही अंशी तरी फेडले, असे म्हणता येईल.